एक रुपया चार पैशांचा किलोमीटर

टाटांच्या टेल्को कंपनीत इंजिनांना नावं ठेवायची पद्धत नव्हती, आकडे ठेवायचे. पहिला आकडा सिलिंडर किती ते सांगणार, पुढचे दोन सिलिंडरचा व्यास किती मिलिमीटर ते. ट्रकमधलं ६९७ म्हणजे सहा सिलिंडर आणि ९७ मिलिमीटर व्यास. चारशेसात टेम्पोत बसलं ते ४९७. सिएरा आणि इस्टेट या गाड्यांत ४८३. आणि १९९८च्या अखेरीस बाजारात आलेल्या इंडिकात ४७५. चार सिलिंडर, ७५ मिलिमीटर व्यास, ७९.५ मिलिमीटर स्ट्रोक. गुणाकार केला की १४०५ सीसी. ट्रकवाल्यांच्या घराण्यातलं हे शेंडेफळ. ते घराणं त्याच्या आवाजातही ऐकू यायचं आणि त्याच्या चिवटपणातही.

गाडी कागदावर उतरायच्या आधीच ती कशी असावी हे ठरलं होतं. रतन टाटांची मागणी अशी की बाहेरून मारुती झेनएवढी, आतून ॲम्बेसेडरएवढी, किंमत मारुती ८००च्या आसपास आणि चालवायचा खर्च डिझेलचा. पहिल्या तीन अटी एकमेकींचे पाय ओढणाऱ्या आहेत, हे कुणालाही दिसेल. पण त्या निदान कारखान्यात बसून सोडवता येण्यासारख्या होत्या. चौथी अट निराळ्या जातीची. डिझेलची गाडी स्वस्त पडते ती दोन कारणांनी: ती इंधन कमी पिते आणि ते इंधन पंपावर स्वस्त मिळतं. यातलं पहिलं कारण भौतिकशास्त्राचं, दुसरं सरकारचं. म्हणजे ही अट अर्धी पिंपरीच्या कारखान्यात पुरी व्हायची होती आणि अर्धी दिल्लीत.

इंडिकाची गोष्ट बहुतेक वेळा स्वाभिमानाची गोष्ट म्हणून सांगितली जाते. भारतीयांनी स्वतः उभी केलेली पहिली कार, ती चालेना म्हणून फोर्डकडे विकायला जाणं, तिथे झालेला अपमान आणि २००८ साली त्याच फोर्डकडून जग्वार-लँड रोव्हर विकत घेणं. ती सगळ्यांना पाठ आहे. व्हॉट्सॲपवर अधूनमधून येतच असते. मला त्या गोष्टीपेक्षा इंडिकाच्या हिशेबात जास्त रस आहे, कारण ही गाडी लाखो लोकांनी घेतली ती छाती फुगवून नव्हे, कागदावर आकडेमोड करून.

छोट्या गाडीत डिझेल घालण्याची कल्पना टेल्कोची एकटीची नव्हती. ॲम्बेसेडर डिझेलवर धावत होतीच, प्रीमियर पद्मिनीचीही डिझेल आवृत्ती निघाली होती. फियाट उनो १.७ लिटरच्या डिझेल इंजिनासह मिळत होती, आणि मारुतीने १९९८ साली झेनमध्ये प्यूजोचं १५२७ सीसीचं डिझेल इंजिन बसवलं. पण हे सगळे बाहेरून आणलेल्या किंवा जुन्या सांगाड्यात बसवलेल्या इंजिनांचे जोडकारभार होते. पहिल्या दिवसापासून डिझेल डोळ्यांसमोर ठेवून आखलेली, पाच माणसांची स्वस्त हॅचबॅक आपल्याकडे इंडिकाच्या आधी नव्हती.

ती उभी राहिली तीही काटकसरीने. पुण्याजवळ टेल्कोचा कारखाना सुमंत मुळगावकरांनी १९६०च्या दशकात उभारायला घेतला, तेव्हा तिथे आधी गाड्या बनल्याच नाहीत. आधी मशीन टूल्स, साचे आणि माणसं घडवणं सुरू झालं. (सुमो या गाडीच्या नावात मुळगावकरांची आद्याक्षरं आहेत, हे आता अनेकांना ठाऊक असतं.) तीस वर्षांनी ते भांडवल कामी आलं. बॉडीच्या आराखड्यासाठी इटलीतल्या तुरिन शहरातल्या ‘आयडिया’ या संस्थेची मदत घेतली, इंजिनावर फ्रान्समधल्या सल्लागारांचा हात फिरला. पण कारची असेंब्ली लाइन नवी घ्यायची तर खर्च फार. निस्सानने ऑस्ट्रेलियात मेलबर्नजवळचा आपला कारखाना बंद केला होता. टेल्कोने त्यातली यंत्रसामग्री सुमारे १०० कोटी रुपयांत घेतली, आपली माणसं पाठवून ती सुटी केली, जहाजात घातली आणि पुण्यात पुन्हा जोडली. सगळा प्रकल्प मिळून १७०० कोटींच्या आसपास गेला. नवी कार शून्यातून उभी करायला तेव्हाच्या जागतिक कंपन्या जे खर्च करत, त्यापुढे हा आकडा फारच माफक होता.

जानेवारी १९९८मध्ये दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत गाडी दाखवली आणि वर्ष सरता सरता बाजारात आणली. ‘मोअर कार पर कार’ ही जाहिरात त्या काळच्या लोकांच्या अजून लक्षात असेल. लांबी पावणेचार मीटरच्या आत, पण पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २४०० मिलिमीटर, म्हणजे चाकं पार कोपऱ्यांत ढकललेली. त्यामुळे मागच्या सीटवर तीन मोठी माणसं खरोखर बसत. छत उंच, मागचे दिवे खांबावर उभे चढलेले. पूर्ण पैसे भरून १,१५,००० लोकांनी नोंदणी केली. तेव्हा कर्जं आजच्याइतकी सहज मिळत नव्हती, हे लक्षात घेतलं तर या आकड्याचं वजन कळतं.

आता ते ४७५ नेमकं करत काय होतं, ते पाहू.

पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोल यांचं प्रमाण जवळजवळ ठरलेलं ठेवावं लागतं. त्यामुळे गाडी हळू चालवायची तर पेट्रोलबरोबर हवेचीही वाट अडवावी लागते. तिथे एक झडप असते. ॲक्सिलरेटर सोडला की ती मिटते आणि पिस्टनला त्या मिटत्या फटीतून हवा ओढून घ्यावी लागते. या ओढाताणीत बरंच इंधन फुकट जातं, आणि ते सगळ्यांत जास्त जातं शहरात, सिग्नल ते सिग्नल रांगताना. डिझेल इंजिनात ही झडप नाही. हवा नेहमी पोटभर आत येते. ॲक्सिलरेटर ठरवतो तो फक्त डिझेल किती फवारायचं ते. उभ्या गाडीचं डिझेल इंजिन म्हणूनच अगदी थोडक्यावर चालू राहतं. भाड्याची वाट बघत स्टँडवर उभ्या असलेल्या गाडीसाठी ही काही लहान गोष्ट नाही.

दुसरी गोष्ट दाबाची. पेट्रोलच्या गाडीत हवा-पेट्रोलचं मिश्रण नऊ-दहा पट दाबलं जातं. त्याहून फार जास्त दाबलं तर ते ठिणगीच्या आधीच भडकतं. डिझेलमध्ये नुसती हवाच दाबायची असते, ती वीस-बावीस पट दाबता येते. इतकी दाबली की ती इतकी तापते की डिझेलचा फवारा ठिणगीवाचूनच पेट घेतो. जितका दाब जास्त तितकं त्याच उष्णतेतून जास्त काम निघतं. तिसरी गोष्ट मात्र थोडी फसवी आहे. आपण इंधन लिटरने घेतो, किलोने नाही. डिझेल पेट्रोलपेक्षा जड असतं, त्याच्या एका लिटरात दहा-बारा टक्के जास्त ऊर्जा असते. तेव्हा डिझेल गाडीच्या ॲव्हरेजमध्ये इंजिनाची करामत जितकी, तितकी नाही तरी थोडी मापाचीही असते.

४७५मध्ये डिझेल थेट सिलिंडरात फवारलं जात नसे. सिलिंडरच्या डोक्यात एक छोटी कोठडी असे. फवारा तिथे पडायचा, आग तिथे लागायची आणि पेटलेला वायू अरुंद तोंडातून भोवऱ्यासारखा खाली पिस्टनवर यायचा. या पद्धतीत थोडी उष्णता कोठडीच्या भिंतींना जाते, म्हणजे थेट फवाऱ्याच्या इंजिनापेक्षा डिझेल जास्त लागतं. मग ही पद्धत का निवडली? कारण जळणं दोन टप्प्यांत होत असल्याने दणका कमी बसतो आणि छोटं इंजिन वेगाने फिरू शकतं. शिवाय फवाऱ्याला प्रचंड दाब लागत नाही, म्हणून पंप स्वस्त. नोझलचं भोक मोठं, म्हणून ते लवकर चोंदत नाही. रॉकेलची भेसळ आणि पिंपातला गाळ गृहीत धरूनच ज्या देशात डिझेल भरावं लागायचं, तिथे थोडं ॲव्हरेज सोडून हा दणकटपणा घेणं शहाणपणाचं होतं. ही कारखान्याच्या पातळीवरची काटकसर, आणि माझ्या मते या गाडीतला सगळ्यांत अचूक निर्णय.

थंडीच्या दिवसांत पहाटे ही गाडी सुरू करणं हा एक विधी असे. किल्ली अर्धी फिरवली की डॅशबोर्डवर वेटोळ्या तारेचं पिवळं चिन्ह लागायचं. त्या वेळी कोठडीतले हीटर प्लग तापत असत. घाई करणारा लगेच स्टार्टर मारायचा आणि इंजिन खोकून बंद पडायचं. जुना ड्रायव्हर दिवा विझेपर्यंत आरसा पुसायचा, उदबत्ती लावायची तर लावून घ्यायचा. मग पूर्ण किल्ली. गाडी अंगभर थरथरायची, मागून पांढुरका धूर, गिअरचा दांडा आपल्या आपण हलत राहायचा आणि दोन मिनिटांत ती टकटक एका लयीत बसायची. सोसायटीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या माणसालाही कळायचं की खालच्यांची विमानतळाची ड्यूटी आहे.

टाकीतलं डिझेल पार संपलं तर नळीत हवा शिरायची, आणि मग नुसतं डिझेल ओतून काम भागत नसे. पण त्यावरचा इलाज रस्त्याच्या कडेला होण्यासारखा होता. फिल्टरजवळचा नट दहा नंबरच्या पान्याने ढिला करायचा, हातपंप दाबत राहायचं. आधी नुसता फेस, मग बुडबुड्यांचं डिझेल, मग स्वच्छ धार. धार आली की नट आवळायचा. वाईच्या फाट्यावरचा असो की वैजापूरचा, कुठल्याही मेकॅनिकला हे येत असे, कारण ट्रॅक्टरचं आणि टेम्पोचं इंजिन तो असंच हाताळत आला होता. सर्व्हिस सेंटर पन्नास किलोमीटरवर असलेल्या तालुक्याच्या गावी ही गाडी रुजली त्याचं अर्धं कारण इथे आहे.

ताकद मात्र बेताची. सुमारे ५४ अश्वशक्ती, आणि ओढ, ज्याला टॉर्क म्हणतात तो, ८५ न्यूटन-मीटर. टर्बो नाही. सपाटीवर कुरकुर नव्हती, पण पाच माणसं आणि टपावर सामान घेऊन खंबाटकी चढायला लागलं की ड्रायव्हरचा हात आपोआप एसीच्या बटणाकडे जायचा. घाट संपेपर्यंत काचा खाली.

सुरुवातीच्या गाड्यांत दोष होते आणि ते लपून राहिले नाहीत. आवाज, थरथर, लवकर झिजणारे टायर अशा तक्रारींचा ओघ लागला. २०००-०१ या वर्षात टेल्कोला ५०० कोटींचा तोटा झाला. त्यात ट्रकच्या मंदीचा मोठा वाटा होता, पण इंडिकाचं ओझंही होतंच. २००१ साली दुरुस्त करून आणलेली इंडिका व्ही-टू आली आणि मग गाडीने मागे पाहिलं नाही. पुढे तिच्याच पोटातून इंडिगो निघाली. कंपनीचं नाव २००३मध्ये टाटा मोटर्स झालं.

हे सारं यंत्राच्या बाजूचं झालं. आता दिल्लीच्या बाजूचं.

पेट्रोल-डिझेलचे दर तेव्हा सरकार ठरवत असे. डिझेल हे ट्रक, एसटी, ट्रॅक्टर आणि पाण्याच्या पंपाचं इंधन. ते महागलं की भाजीपासून सिमेंटपर्यंत सगळं महागतं. पेट्रोल हे कारवाल्यांचं. म्हणून पेट्रोलवर भरपूर कर लावायचा आणि डिझेल स्वस्त ठेवायचं, असा अनेक दशकांचा रिवाज. त्यात कुणी लबाडी केली नव्हती. फक्त कारवाला उद्या डिझेलच्या नळीखाली येऊन उभा राहील, ही शक्यता धोरण आखणाऱ्यांच्या हिशेबात नव्हती. इंडिका त्या फटीतून आत शिरली.

१ एप्रिल २००२चे दिल्लीतले दर घेऊ, कारण त्या दिवशी सरकारने दरनियंत्रणाची जुनी व्यवस्था कागदोपत्री मोडीत काढली. पेट्रोल लिटरला २६ रुपये ५४ पैसे, डिझेल १६ रुपये ५९ पैसे. समजा, पेट्रोलची गाडी लिटरला १४ किलोमीटर देते आणि तशीच डिझेलची गाडी १६. पेट्रोलचा किलोमीटर एक रुपया नव्वद पैशांना पडला, डिझेलचा एक रुपया चार पैशांना. किलोमीटरमागे ८६ पैसे वाचले. यात इंजिनाच्या काटकसरीचा वाटा लहान आहे. दोन्ही इंधनांचा दर सारखा असता तर वाचले असते चोवीसेक पैसे. उरलेले बासष्ट पैसे सरकारी दरपत्रकाचे.

डिझेलची गाडी त्याच जातीच्या पेट्रोल गाडीपेक्षा महाग असते, कारण इंजिन जाडजूड लागतं आणि पंप-नोझलचा खर्च वेगळा. हा फरक ५०,००० रुपये धरू. बँकेत नोकरी करणारा माणूस घरून ऑफिस, रविवारी मंडई, वर्षातून दोनदा गाव असं करून महिन्याला ५०० किलोमीटर चालवतो. त्याचे महिन्याला ४३० रुपये वाचतात. ५०,००० वसूल व्हायला साडेनऊ वर्षांहून जास्त लागतील, तोवर गाडी विकायला निघालेली असते. आता टॅक्सीवाला घ्या. रोज १५० किलोमीटर, महिन्याला २५ दिवस, म्हणजे ३७५० किलोमीटर. त्याचे महिन्याला ३२२५ रुपये वाचतात आणि साडेपंधरा महिन्यांत फरक भरून निघतो. त्यानंतरचे ३२२५ हप्त्याच्या मदतीला.

गाडी घेणाऱ्याला विचारायचा खरा प्रश्न म्हणूनच ‘ॲव्हरेज किती?’ हा नव्हता, ‘रनिंग किती?’ हा होता. गाडीच्या व्यवसायातली माणसं तोच विचारत. पण आपल्या मध्यमवर्गाला ॲव्हरेजचं वेड. महिन्याला चारशे किलोमीटर फिरणारी कितीतरी कुटुंबं डिझेलची गाडी घेऊन बसली आणि पंपावर दर वेळी वाचलेले पैसे मोजत राहिली. सुरुवातीला जास्त मोजलेले पन्नास हजार कुणी पुन्हा आठवले नाहीत. मला त्यांची चेष्टा करायची नाही. पंपावर दिलेले पैसे डोळ्यांना दिसतात, शोरूममध्ये दिलेले हप्त्यांत विरघळून जातात.

टॅक्सीवाल्याला मात्र असं विसरून चालत नाही, आणि इंडिका हळूहळू त्याची झाली. हिंजवडीत आणि बंगळुरू-हैदराबादला आयटी कंपन्या व कॉल सेंटरं वाढली, त्यांना रात्री-बेरात्री माणसं घरी पोचवायला गाड्या हव्या होत्या. गावाकडची जमीन गहाण ठेवून किंवा भावाकडून उसने घेऊन एक पोरगा इंडिका काढायचा आणि कंपनीत ‘लावायचा’. पिवळी पाटी, पांढरा रंग, बिनशोभेचं डीएलई मॉडेल. पुणे-मुंबई एक्स्प्रेसवे २००२मध्ये पूर्ण खुला झाल्यावर त्या रस्त्यावरही ती भरपूर दिसू लागली. ट्रॅव्हल्सवाला दर किलोमीटरने पैसे देणार, त्यातून डिझेल, हप्ता, टायर आणि आरटीओ वजा जाता उरेल ते घरी. अशा माणसासाठी १६च्या ऐवजी १७ किलोमीटर म्हणजे नुसती बढाई नव्हती. उतारावर गाडी न्यूट्रलला टाकू नये हे त्याला माहीत असायचं आणि तरी तो टाकायचा.

याचा एक तोटा कंपनीला झाला. जी गाडी विमानतळावर आपल्या नावाची पाटी घेऊन उभी असते, तीच स्वतःच्या दारात उभी करायला लोक कचरू लागले. टॅक्सीची गाडी हा शिक्का टाटांच्या कारना पुढे दहा-पंधरा वर्षं पुसता आला नाही.

दुसरा तोटा सगळ्यांनाच होत होता. किलोमीटरचे एक रुपया चार पैसे ही डिझेलची पूर्ण किंमत नव्हती. उरलेली छातीतून वसूल होत होती. त्या काळातल्या डिझेलमध्ये गंधक भरपूर, इंजिनात धूर गाळणारं काही नाही. बारीक काजळी आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांचं प्रमाण पेट्रोलच्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त. दिल्लीतल्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट’चे अनिल अग्रवाल खासगी डिझेल गाड्यांच्या विरोधात तेव्हापासून बोलत होते. इंडिका बाजारात येऊन चार महिने होतात न होतात तोच, २९ एप्रिल १९९९ला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरात युरो मानकं मुदतीआधी लागू केली आणि नव्या खासगी डिझेल गाड्यांच्या नोंदणीला महिन्याला २५०ची मर्यादा घातली. पुढे ती सैल झाली, पण दिशा दिसली होती. २०१२मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलच्या धुराला कर्करोगकारक ठरवलं. शेतकऱ्यासाठी स्वस्त ठेवलेलं इंधन शहरातल्या मोटारी जाळत होत्या, आणि धूर रस्त्यावर चालणाऱ्याच्या वाट्याला येत होता. या गाडीबद्दल कितीही माया असली तरी हे खातं बाजूला ठेवता येत नाही.

दरपत्रकाचा आधार काढून घेतला तर इंडिकाचं काय उरतं, याचा प्रयोग ब्रिटनमध्ये आपोआप झाला. २००३मध्ये एमजी रोव्हरने ती ‘सिटीरोव्हर’ या नावाने तिथे विकायला घेतली, तीही फक्त पेट्रोलवर. ब्रिटनमध्ये डिझेल स्वस्त नाहीच. तिथे तिची तुलना झाली ती आतली बनावट, सुरक्षितता आणि किंमत यांवर, आणि त्यात ती टिकली नाही. एप्रिल २००५मध्ये रोव्हर बुडाली आणि प्रकरण मिटलं.

भारतात तिला मागे टाकलं ते दुसऱ्या डिझेलने. थेट सिलिंडरात, प्रचंड दाबाने आणि संगणकाच्या हुकमाने डिझेल फवारायची ‘कॉमन रेल’ पद्धत फियाटच्या इटलीतल्या प्रयोगशाळांत आकाराला आली, बॉशने ती बाजारासाठी तयार केली आणि १९९७मध्ये अल्फा रोमिओ १५६मध्ये ती पहिल्यांदा कारमध्ये बसली. २००३मध्ये फियाटने त्याच पद्धतीचं १२४८ सीसीचं मल्टिजेट आणलं. दाब चौदाशे-सोळाशे बार, म्हणजे आपल्या भोवतालच्या हवेच्या तेवढे पट. एका फेरीत एक मोठा फवारा न मारता अनेक छोटे फवारे, त्यामुळे टकटक कमी. जानेवारी २००७मध्ये मारुतीने ते स्विफ्टमध्ये घातलं. इंडिकाच्या ४७५पेक्षा लहान इंजिन, पण ओढ १९० न्यूटन-मीटर, दुपटीहून जास्त. खंबाटकीत एसी बंद करायची गरज संपली. २००८च्या इंडिका व्हिस्टात टाटांनीही तेच ‘क्वाड्राजेट’ नावाने घेतलं. पुण्याजवळ रांजणगावात फियाटबरोबरच्या कारखान्यात ते बनू लागलं. इतक्या कंपन्यांच्या गाड्यांत ते गेलं की मोटारप्रेमी त्याला थट्टेने राष्ट्रीय इंजिन म्हणायचे.

या इंजिनाची किंमत वेगळ्या जागी मोजावी लागे. भेसळीच्या डिझेलने एखादा इंजेक्टर गेला तर बिल हजारांत, आणि तो तपासायला पान्याऐवजी लॅपटॉप. वैजापूरचा मेकॅनिक बॉनेट उघडून पाहायचा आणि पुन्हा मिटवायचा. जाहिरातीतली ॲव्हरेज मात्र चढत गेली: टाटांच्या २०११मधल्या इंडिका ईव्ही-टूसाठी २५ किलोमीटरचा दावा होता. हे आकडे येतात ते पुण्यात वेताळ टेकडीला टेकलेल्या एआरएआय संस्थेसारख्या चाचणी केंद्रांतून. तिथे गाडी रुळांवर चढवून जागच्या जागी धावते, ठरलेल्या क्रमाने वेग कमी-जास्त करते, ताशी ९० किलोमीटरच्या पुढे जात नाही, एसी बंद असतो. गाड्यांची आपसात तुलना करायला ते उत्तम आहे. कात्रजच्या चढावर ट्रकमागे अडकलेल्या गाडीशी त्याचा संबंध नाही.

जून २०१०मध्ये सरकारने पेट्रोलचा दर मोकळा सोडला, डिझेलचा नाही. दरी रुंदावत गेली. मे २०१२च्या अखेरीस दिल्लीत पेट्रोल ७३ रुपये १८ पैसे आणि डिझेल ४० रुपये ९१ पैसे. आपल्या जुन्याच गणितात हे दर घातले तर डिझेलचा किलोमीटर पेट्रोलच्या निम्म्याहून कमी खर्चात पडतो. २००२मध्येही इतका फरक नव्हता. डिझेल स्विफ्टसाठी महिनोन्‌महिने थांबावं लागे आणि नव्या विकल्या जाणाऱ्या गाड्यांतल्या जवळपास निम्म्या डिझेलच्या होत्या. मग जानेवारी २०१३पासून सरकारने दर महिन्याला पन्नासेक पैशांनी डिझेल वाढवत नेलं. इतकी छोटी वाढ की मोर्चा काढावा असं कुणाला वाटू नये. ऑक्टोबर २०१४मध्ये तेल स्वस्त झाल्याची संधी साधून डिझेलचा दरही मोकळा केला. दिल्लीच्या भरवशावर उभी असलेली अर्धी अट तिथे संपली.

पुढचं झपाट्याने झालं. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी घातली. २०१८मध्ये इंडिकाचं उत्पादन थांबलं. एप्रिल २०२०मध्ये बीएस-सहा मानकं आली. धूर गाळायची जी यंत्रणा आता लागणार होती ती छोट्या गाडीच्या किमतीला न परवडणारी, म्हणून मारुतीने डिझेल सोडूनच दिलं आणि मल्टिजेटही गेलं. २४ जून २०२० रोजी दिल्लीत डिझेल ७९ रुपये ८८ पैसे झालं आणि पेट्रोल ७९ रुपये ७६ पैसे.

तेच गणित त्या दिवसाच्या दरांनी करा. पेट्रोलचा किलोमीटर पाच रुपये सत्तर पैसे, डिझेलचा पाच रुपयांना एक पैसा कमी. २००२मध्ये पेट्रोलच्या खर्चातले पंचेचाळीस टक्के वाचत होते, आता बारा. गाड्यांच्या किमतीतला फरक एक लाख धरला तर ३७५० किलोमीटरच्या रनिंगलासुद्धा तीन वर्षांहून जास्त लागतात. बँकेतल्या माणसाची वसुली साडेतेवीस वर्षांनी. २०२५मध्ये नव्या रूपात आलेल्या टाटा अल्ट्रोझमध्ये दीड लिटरचं डिझेल इंजिन अजून ठेवलं आहे, पण ती गाडी घेणारा चढावरच्या ओढीसाठी घेतो, हप्ता भागवायला नाही. हप्ता भागवणारे केव्हाच सीएनजीकडे गेले. त्यांच्या डिकीत आता सिलिंडर असतो, पाहुण्यांच्या बॅगा टपावर बांधाव्या लागतात, आणि किलोमीटरचा नवा हिशेब ते पंपावरच्या रांगेत उभे राहून करत असतात.